छोट्या जादूला हो म्हणा, पण तिच्या अटींसकट

डन्जन्स अँड ड्रॅगन्ससारखा टेबलाभोवती बसून खेळायचा भूमिकांचा खेळ चालवणाऱ्या एका डीएमने (म्हणजे गोष्ट आणि नियम सांभाळणाऱ्या सूत्रधाराने) प्रश्न विचारलाय, तो थोडक्यात असा: टेबलावर विझर्ड म्हणजे जादूगार खेळणारी एक खेळाडू येईल ती अडचण प्रेस्टिडिजिटेशन (बारीकसारीक करामतींची जादू) नाहीतर मेज हँडने (दुरून वस्तू हलवणारा जादूचा हात) सोडवायला बघते. डीएमने नाही म्हटलं की तिचा चेहरा पडतो. हो म्हटलं की चोराचं पात्र खेळणाऱ्याला हात चोळत बसावं लागतं. मग रेघ कुठे ओढायची? आणि जाता जाता विचारलंय की नव्या विझर्डने कुठल्या कँट्रिप्स, म्हणजे हव्या तितक्या वेळा वापरता येणाऱ्या अशा छोट्या जादू, घ्याव्यात.

पहिल्या भागाचं उत्तर असं की रेघ बहुतेक वेळा आधीच ओढलेली असते, फक्त कोणी पान उघडून बघत नाही. प्रत्येक कँट्रिपच्या वर्णनात अंतर, आकार, वेळ आणि ती टाकायला काय लागतं हे लिहिलेलं असतं. खेळाडूंच्या लक्षात फक्त पहिलं वाक्य राहतं, 'किरकोळ जादूची करामत', आणि तिथून कल्पनेचे घोडे सुटतात. डीएमही पान न बघता मनात जे येईल ते सांगतो. आज हो, उद्या नाही. चेहरे पडतात ते नकारामुळे कमी आणि या लहरीपणामुळे जास्त.

मी मुख्यतः डन्जन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती चालवतो, म्हणून पुढचे आकडे बहुतेक २०१४ च्या नियमपुस्तकातले आहेत. तुम्ही २०२४ ची सुधारित पुस्तकं वापरत असाल तर शब्द एकदा ताडून बघा, काही ठिकाणी बदललेत.

वर्णनाला इतकं महत्त्व का, ते इतिहासावरून कळतं. कँट्रिप्स गॅरी गायगॅक्सने १९८२ मध्ये ड्रॅगन मासिकातून आणल्या आणि १९८५ च्या अनअर्थ्ड आर्काना पुस्तकात त्या रीतसर आल्या. तेव्हा एकेका बारीक कामाची वेगळी कँट्रिप होती. साफ करायची एक, चकाकी आणायची एक, मीठ घालायची एक, दूध नासवायची एक. समोरच्याला शिंक, ढेकर नाहीतर जांभई आणायच्या आणखी वेगळ्या. पहिल्या लेव्हलच्या एका स्पेलची (मंत्राची) जागा दिली की त्या जागी चार कँट्रिप्स पाठ करता यायच्या. वापरली की संपली. पुढे १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत हा सगळा पसारा एकाच स्पेलमध्ये गोळा झाला, २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याला प्रेस्टिडिजिटेशन म्हणू लागले, पण तोवरही दिवसाला मोजक्याच वेळा. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने मोजणी काढून टाकली आणि पाचवीने तेच पुढे चालवलं. पूर्वी दिवसाचा साठा संपला की प्रश्न मिटायचा. आता साठा संपतच नाही, त्यामुळे सगळा लगाम वर्णनाच्या शब्दांत आहे. तेच वाचले नाहीत तर लगामच उरत नाही.

आता मेज हँड, कारण तुमच्या चोराचं दुखणं तिथेच आहे. एक प्रसंग घेऊ आणि सावकाश चालवू. पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, गजांआड आहे. वीस फुटांवर पहारेकरी स्टुलावर बसलाय, किल्ल्यांचा जुडगा त्याच्यामागच्या खुंटीला. खेळाडू म्हणते, 'मेज हँडने किल्ल्या आणते.' बरेच डीएम इथे लगेच 'आणल्यास' म्हणून मोकळे होतात, नाहीतर लगेच 'नाही जमत' म्हणतात. दोन्हीत मजा गेली. आधी विचारा, तोंड बांधलंय का, हात मोकळे आहेत का? या कँट्रिपला बोल आणि हातवारे दोन्ही लागतात. बोल मनातल्या मनात म्हणून चालत नाहीत, आणि वीस फुटांवरचा माणूस बहिरा नसतो. समजा पहारेकरी पेंगतोय आणि बोल त्याच्या कानावर गेले नाहीत. पहिल्या राउंडला म्हणजे फेरीला हात अवतरला. तो अदृश्य नाही, हवेत तरंगणारा भुतासारखा पंजा आहे, ज्याचे डोळे उघडे त्याला दिसणारच. दुसऱ्या राउंडला आणखी एक ॲक्शन (त्या फेरीतली कृती) खर्चून हात खुंटीपर्यंत गेला आणि जुडगा उचलला. वजनाची अडचण नाही, दहा पौंडांपर्यंत म्हणजे साडेचार किलोच्या आसपास तो पेलतो. पण लोखंडी किल्ल्या एकमेकींवर आपटतात. आवाजाबद्दल स्पेल काहीच सांगत नाही, म्हणून ही जागा माझी. इथे मी स्टेल्थचा (लपूनछपून काम साधण्याचा) रोल मागतो, म्हणजे फासा टाकायला लावतो. आणि इथेच बार्ड (गाणारा जादूगार) खेळणारा जागा होतो आणि म्हणतो, 'मी त्याच वेळी शेजारच्या कैद्याशी भांडण उकरतो.' त्या गोंगाटात बोलही झाकले जातात आणि किल्ल्याही. एका कँट्रिपने अख्खी पार्टी कामाला लागली.

आता तोच जुडगा खुंटीवरून काढून पहारेकऱ्याच्या कमरेच्या पिशवीत टाका. माझं उत्तर सरळ नाही असं आहे, आणि ते माझ्या मनचं नाही. दुसऱ्याच्या अंगावरच्या पिशवीतून मेज हँडने वस्तू काढणं, तीत घालणं, दुरून कुलूप उघडणं, सापळा निकामी करणं आणि तो हात अदृश्य ठेवणं ही आर्केन ट्रिकस्टरची, म्हणजे जादू शिकलेल्या चोराची, खास कमाई आहे. चोराला ती तिसऱ्या लेव्हलला मिळते. नियमाने जी गोष्ट एका वर्गाला वेगळी म्हणून दिली, ती बाकीच्यांना आधीपासून फुकट असू शकत नाही. साधी मेज हँड दार उघडते ते कुलूप नसलेलं, वस्तू काढते ती उघड्या भांड्यातून. म्हणजे तुमच्या टेबलावर चोराचं काम त्या कँट्रिपने खाल्लेलं नाही. तिला परवानगीपेक्षा मोठं होऊ दिल्याने ते गेलंय.

एवढं सांगून उलट बाजूही सांगतो. तीस फुटांवर उभं राहून संशयास्पद पेटी मेज हँडने उघडणं पूर्ण नियमात आहे आणि ते चालू द्यायला हवं. झाकणातली विषारी सुई हवेत गेली तर जाऊ दे. चिडून पुढचे सगळे सापळे मेज हँडवर उतारा म्हणून रचणारे डीएम मी पाहिलेत. अशा गुहेत खेळाडूंना दर पावलाला जाणवतं की समोर गुहा बांधणारा नाही, रुसलेला डीएम आहे. काही सापळे सुईचे असतील, काही खोलीभर धूर सोडणारे, काही नुसती घंटा वाजवणारे. ज्याने पेटी ठेवली त्याच्या अकलेप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे.

प्रेस्टिडिजिटेशन जास्त सैल आहे, म्हणून वादही जास्त. तिचा सगळ्यात विसरला जाणारा आकडा म्हणजे अंतर: दहा फूट. दरबाराच्या मागच्या रांगेतून राजाच्या अंगरख्यावर डाग पाडता येत नाही, त्यासाठी जवळ जावं लागतं आणि तिथे पुन्हा बोल आणि हातवारे. साफ किंवा घाण करायची तर एक घनफूट आकारापर्यंतची वस्तू. गार, गरम, चवदार करायचं तर तेवढाच निर्जीव पदार्थ, तासभर. रंग किंवा खूण उमटवली तर तीही तासभर. हातात मावणारी छोटी वस्तू किंवा आभास निर्माण केला तर तो तुमच्या पुढच्या टर्नच्या शेवटापर्यंतच. राउंड सहा सेकंदांचा असतो, हे लक्षात घेतलं की 'सोन्याचं नाणं बनवून दुकानदाराला देते' या बेताचं काय होणार ते सांगायला लागत नाही.

तासाभराची खूण मात्र सोन्याची खाण आहे. शहराच्या वेशीवर परवाना दाखवायचाय, परवाना नाही. कोऱ्या कागदावर मोहोर उमटवली. मी देतो. अटी एवढ्याच की उमटते ती नुसती रंगीत खूण, लाखेचा उठाव येत नाही, आणि खरी मोहोर कशी दिसते ते खेळाडूने आधी कुठेतरी पाहिलेलं असावं. शिपायाने कागदावरून बोट फिरवलं तर पंचाईत. नाही फिरवलं तर पार्टी आत. पण शिपायाने तो कागद स्वतःकडे ठेवून घेतला असेल तर तासाने त्याच्या टेबलावर कोरा कागद पडलेला असतो, आणि त्याला चेहरे आठवत असतात. हो म्हटल्यामुळे पुढच्या सेशनचा मालमसाला आयता मिळाला. डिटेक्ट मॅजिक (जादू ओळखणारा स्पेल) लावलेला कोणी वेशीवर उभा असेल तर त्याला तो तासभर त्या खुणेभोवती जादूची छटाही दिसेल. साफसफाईचं तसं नाही. ते क्षणात होतं आणि संपतं, मागे छटा राहत नाही. खुनाच्या जागेवरचं रक्त पुसायला ही कँट्रिप म्हणून भारी आहे, फक्त एकेक घनफूट करत पुसत बसावं लागतं. गडबडीत एखादा थेंब राहतोच, आणि राहिला की नाही ते मी रोलवर ठरवतो.

विषाचा प्रश्न हटकून येतो. चव बदलता येते, म्हणून विषाची कडू चव लपवायला मी हरकत घेत नाही. पण विष तिथेच असतं. उलट दिशेने, विषारी पेल्याची चव गोड केली म्हणून तो पिण्याजोगा होत नाही. अन्नपाणी शुद्ध करण्यासाठी पहिल्या लेव्हलचा वेगळा स्पेल आहे, आणि इथे माझी आणखी एक कसोटी लागते: जे काम करायला कोणीतरी स्लॉट (मोठ्या स्पेलसाठीची मोजकी जागा) खर्च करतो ते कँट्रिपने पूर्ण होऊ द्यायचं नाही. थोडं होऊ द्या, कमी वेळ होऊ द्या, कमी खात्रीने होऊ द्या. पेटवण्याबद्दल वर्णन मेणबत्ती, मशाल आणि लहान शेकोटीवर थांबतं. पडदे, दाढ्या आणि गवताच्या गंजी त्यात नाहीत. बंदुकीच्या दारूच्या पिंपाची वात? वात ती वातच, मी देतो. फक्त तुम्ही पिंपापासून दहा फुटांच्या आत आहात याची आठवण करून देतो आणि गप्प बसतो.

पाथफाइंडर या याच धर्तीच्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीने ही कटकट शब्दांतच मिटवली आहे. तिथे प्रेस्टिडिजिटेशनचे चार उपयोग दिलेत: शिजवणं, उचलणं, बनवणं, आवरणं. बनवलेली वस्तू ओबडधोबड आणि नकली दिसते, हत्यार किंवा अवजार म्हणून वापरता येत नाही, आणि या जादूने कोणाला इजा किंवा त्रासदायक अवस्था देता येत नाही. तुम्ही ती पद्धत खेळत नसलात तरी हा शेवटचा नियम उसना घ्यायला हरकत नाही. गर्प्स या आणखी एका खेळात गंमत वेगळी आहे. तिथे प्रत्येक स्पेलला शक्ती खर्च होते आणि कौशल्य १५ ला पोचलं की खर्च एकाने कमी होतो, म्हणजे एका शक्तीचा स्पेल फुकट पडतो. तिथे फुकटेपणा घासून कमवावा लागतो, पहिल्या दिवशी हातात येत नाही. मला ते मनापासून आवडतं, पण पाचव्या आवृत्तीत ते घुसडायला जाऊ नका.

शेप वॉटर (पाणी वळवणारी, गोठवणारी कँट्रिप, २०१४ च्या नाही तर २०१७ च्या झनाथरच्या पुस्तकातली) आणि कुलूप. कधी ना कधी प्रत्येक टेबलावर कोणीतरी म्हणतंच: 'कुलपात पाणी ओतते, बर्फ करते, पाणी गोठताना फुगतं, कुलूप फुटतं.' पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं हे खरं. बंद बाटली त्याने फुटते हेही खरं. पण कुलपाला भोक असतं, आणि बर्फ वाट मिळेल तिकडे म्हणजे भोकातून बाहेर येतो. शिवाय स्पेल फक्त गोठवतो, दाबाबद्दल, तोडफोडीबद्दल एक शब्द बोलत नाही. विज्ञान आणायचं असेल तर सगळं आणा, अर्धं नको. मी मात्र तिथे नाही म्हणून थांबत नाही. मी सांगतो की कुलूप बर्फाने गच्च भरलंय आणि आता खरी किल्लीसुद्धा आत जाणार नाही. बर्फ तासभर टिकतो. एकदा एका खेळाडूने हे ऐकलं, दोन क्षण गप्प बसली आणि पुढच्या वेळी पाठलागावरच्या शिपायांसमोर दार ओढून घेऊन तिने कुलूपच गोठवलं. कुलूप फोडण्यापेक्षा हा वापर कितीतरी सरस आहे, आणि नियमात चोख बसतो. उघड्या पाण्यात याच कँट्रिपचा आवाका मोठा आहे. पाच फुटी घनात मावणारं पाणी म्हणजे साडेतीन टन, तेवढं एका फटक्यात गोठतं. अट एकच, त्यात कुठलाही जीव नको. म्हणून पोहणाऱ्या शत्रूला बर्फात चिणता येत नाही.

मेंडिंगला लोक तुच्छ समजतात. ती टाकायला पूर्ण एक मिनिट लागतं, म्हणून लढाईत निरुपयोगी. एका वेळी एकच भेग किंवा फाट सांधते, तीही फूटभराच्या आतली. पण सांधल्याची खूण उरत नाही. लखोट्याची लाख फोडा, पत्र वाचा, लाख परत सांधा. हेरगिरीच्या मोहिमेत यासारखं दुसरं काही नाही. तुकडा हरवला असेल तर मात्र ती तो पैदा करत नाही, आणि मोडलेल्या जादुई वस्तूचं अंग जुळतं पण जादू परत येत नाही.

मायनर इल्युजन म्हणजे छोट्या आभासाबद्दल एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. तिला बोल लागत नाहीत, हातवारे आणि लोकरीचा पुंजका पुरतो. चोरपावलांच्या कामात म्हणून ती मेज हँडपेक्षा पुढे. चित्र किंवा आवाज, एका वेळी एकच. चित्र पाच फुटांच्या घनात मावणारं, मिनिटभर टिकणारं. गल्लीत खोकं उभं करून त्यामागे बसा, चालेल. खोक्याला कोणी हात लावला, बाण मारला, की भांडं फुटतं. न शिवता खात्री करायची तर समोरच्याला ॲक्शन खर्चून इन्व्हेस्टिगेशनचा म्हणजे तपासाचा रोल करावा लागतो. इथे डीएमची नेहमीची लबाडी म्हणजे प्रत्येक शिपायाला येताजाता तो रोल फुकट देणं. रिकाम्या गल्लीत एक खोकं जास्त असल्याचं किती जणांच्या लक्षात येतं? ज्याला संशय यायला कारण आहे, त्यालाच तपास करू द्या.

मेसेज, म्हणजे दूरच्या माणसाच्या कानात कुजबुज पोचवणारी कँट्रिप, थोडक्यात: एकशेवीस फूट, कोपऱ्यातून वळून जातो, पण फूटभर दगड, इंचभर साधा धातू, तीन फूट लाकूड किंवा शिशाचा पातळ पत्रा त्याला अडवतो. श्रीमंत सावकाराच्या तिजोरीला शिसं का लावलंय ते यातून आपोआप कळतं. ज्या जगात अशी जादू वापरायला काही खर्च नाही, तिथल्या लोकांनी तिचा बंदोबस्त थोडाफार केलेला असणारच. थोडाफार हा शब्द महत्त्वाचा. सावकाराकडे शिसं असेल, खेड्यातल्या सराईवाल्याकडे नसेल.

गायडन्स हा वेगळाच ताप. साथीदाराला स्पर्श करायचा, त्याच्या एका ॲबिलिटी चेकवर (कौशल्य पारखणाऱ्या रोलवर) डी४ म्हणजे चार बाजूंचा फासा वाढवायचा. सरासरी अडीच. फार नाही, पण प्रत्येक रोलला 'गायडन्स!' ही आरोळी ऐकून डोकं उठतं. माझे टेबलावरचे दंडक साधे आहेत. फासा पडायच्या आधी सांगायचं, नंतर नाही. त्याला कॉन्सन्ट्रेशन (एका वेळी एकाच स्पेलवर धरून ठेवायचं लक्ष) लागतं, म्हणून दुसरा कॉन्सन्ट्रेशनचा स्पेल चालू असेल तर तो सुटतो. आणि सरदाराशी बोलणी चालू असताना क्लेरिकने (पुजाऱ्याने) मध्येच साथीदाराच्या खांद्यावर हात ठेवून मंत्र पुटपुटला, तर सरदार तो बघतो आणि त्याचा अर्थ त्याला हवा तसा लावतो. जादू होताना दिसते, ऐकू येते, आणि भल्या लोकांना आपल्यावर कोणी जादू करतंय हे आवडत नाही. एवढ्याने आरोळ्या निम्म्यावर येतात. २०२४ च्या नियमांत तर टाकतानाच कौशल्य निवडावं लागतं, त्यामुळे ती बरीच सुसह्य झाली आहे.

रोल कधी मागायचा? धोका नसेल तर मागूच नका. पावसात भिजलेला अंगरखा सुकवणं, चहा गरम ठेवणं, लहान मुलाला तळहातावर फुलपाखरू दाखवणं, याला फासे कशाला? पात्र जादूगार आहे हे खेळाडूला जाणवतं ते अशाच बिनकामाच्या करामतींतून, आणि त्या अडवणारा डीएम मला करंटा वाटतो. तुमच्या त्या खेळाडूला एक सवय मात्र लावा. 'मी प्रेस्टिडिजिटेशन वापरते' हे वाक्य अपुरं आहे. कुठे उभी राहून, कशावर, नेमका काय परिणाम, आणि त्यातून साधायचंय काय, हे तिने सांगायचं. 'शिपायापासून आठ फुटांवर, खांबाआड उभी राहून, त्याच्या पाठीमागची मशाल विझवते, म्हणजे तो वळेल आणि चोर सरकेल.' असं बोललं की निम्म्या वेळा निर्णय द्यावाच लागत नाही. आणि बघा, त्या वाक्यात चोराला काम मिळालं.

राहिली निवड. पाचव्या आवृत्तीत विझर्डला सुरुवातीला तीन कँट्रिप्स मिळतात, चौथी चौथ्या लेव्हलला. एक हल्ल्याची घ्या, नाहीतर लढाईत तुम्ही शोभेचे. दुसरी मायनर इल्युजन, कारण ती शांतपणे टाकता येते आणि बाकी पार्टीला जे जमत नाही ते करते. तिसरी मोहिमेवर ठरवा. गुहा आणि भुयारं असतील तर मेज हँड, राजकारण आणि हेरगिरी असेल तर मेंडिंग किंवा मेसेज, पाण्याकाठची मोहीम असेल तर शेप वॉटर. पार्टीत अंधारात दिसणारे सगळे असतील तर लाइटवर जागा घालवू नका. प्रेस्टिडिजिटेशन मी चौथ्या लेव्हलला घेतो, तिच्याशिवाय अडत नाही पण तिच्यासकट मजा येते. आणि चुकीची निवडली या भीतीने अडून बसू नका. २०२० च्या टॅशाच्या पुस्तकातला ऐच्छिक नियम डीएमने मान्य केला असेल तर तिसऱ्या लेव्हलपासून विझर्डला लाँग रेस्टनंतर (पात्राच्या मोठ्या विश्रांतीनंतर) एक कँट्रिप बदलता येते. २०२४ च्या पुस्तकात ती मुभा पहिल्या लेव्हलपासूनच आहे.